पोळ्याची दुनळी

माझ्या सासरच्या गावात पोळा बंदुकीने फुटायचा. सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहत, बैलांपुढे म्हणायची ती खोडकर कवनं, म्हणजे झडत्या, म्हणून होत, आणि मग पाटील आपली दुनळी आभाळाकडे करून बार काढत. तो बार झाल्याशिवाय एक बैल जागचा हलायचा नाही. मारेगावच्या बाजारात कुणी आमच्या गावाचं नाव घेतलं की समोरचा म्हणायचा, "हो, थे बंदुकीच्या पोळ्यावालं गाव." आवाजही तसाच होता. नुसता मोठा नव्हे, भरीव. नाल्याच्या अलीकडे आमच्या वस्तीत चुलीवरचा तवा हातात धरलेला असला तर तो बार हाताला जाणवायचा, असं सासूबाई सांगत, आणि त्या काही फुगवून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मी लग्न होऊन तिथे आले ती दीक्षेनंतरच्या दिवसांत. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आमच्या वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध झाली होती, आणि आमचं लग्नही ना भटजी ना मुहूर्त असं साधं झालं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. नवरा राळेगावच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर. शनिवारी एसटीने यायचा, सोमवारी जायचा, आणि मधल्या एका दिवसात आईच्या हातचं खाऊन झोपायचा. त्यामुळे त्या घरात माझी खरी संगत या दोघांचीच होती.

मामाजी उंच, कमी बोलणारे, आणि बैलांचे पक्के पारखी. बाजारात बैल घ्यायचा असला की गावातले मोठे कास्तकार त्यांना बरोबर नेत. ज्यांच्या घरी आमच्या हातचं पाणी चालत नसे तेही नेत. बैल पारखायला विटाळ आडवा येत नसे, हे मला आल्या आल्याच कळलं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं. त्यावर आत्याबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं आणि मामाजी भिंतीकडे तोंड करून हसले. तेव्हापासून आमचं जमलं.

मामाजींनी पोटाला चिमटा काढून जंगलाच्या कडेला शेत घेतलं होतं. जमीन चांगली, पण सागाच्या रानाला लागून. ज्वारी भरात आली, भुईमुगाला शेंगा धरल्या की रानडुकरं उतरायची. डुक्कर भुईमूग नुसता खात नाही, तोंडाने अख्खं शेत नांगरून टाकतं. मामाजींनी डबे वाजवून पाहिले, शेकोट्या लावून पाहिल्या, माझ्या नवऱ्याचा जुना कोट घालून बुजगावणं उभं केलं. डुकरांनी त्या कोटाच्या पायाशीच उकरलं. शेवटी त्यांनी पीक राखण्यासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला, त्यासाठी यवतमाळच्या कचेरीत खेटे घातले, आणि साठ सालच्या सुमारास एकदाचा तो परवाना हातात पडला. आमच्या वस्तीत बंदुकीचा परवाना मिळालेला तो पहिला माणूस. त्यावर एक अट होती. पावसाळा लागायच्या आत बंदूक घेऊन ठाण्यात दाखवायची, नाहीतर परवाना रद्द.

आत्याबाईंना यात थट्टेला भरपूर जागा सापडली. "रोज संध्याकाळी प्राण्याले मारणार नाई म्हणून म्हंता, अन् बंदूक घेऊन राह्यले," त्या म्हणाल्या.

"मारतो कोठी?" मामाजी म्हणाले. "आवाज करीन. पळून जाईन थे."

"मंग भाषणच द्या न डुकराले. बंदूक कायले पाह्यजे?"

पण मामाजींचं खरंच तसं होतं. पंचशील त्यांनी जिभेवर नव्हे, मनावर घेतलं होतं. त्यांना छर्रे नको होते, बार हवा होता. आणि बार म्हटला की त्यांच्या डोक्यात एकच बंदूक यायची. लहानपणापासून दर पोळ्याला ते नाल्याच्या अलीकडे उभे राहून पाटलांचा बार ऐकत आले होते. आमच्या लोकांना तोरणाजवळ उभं राहता येत नसे, पण आवाजाला कोण अडवणार? उजव्या नळीचा आवाज कसा आणि डाव्या नळीचा कसा, हेसुद्धा ते वेगवेगळं सांगत.

त्याच उन्हाळ्यात पाटलांनी बंदूक विकायला काढल्याची बातमी आली. पाटील म्हातारे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मुलं यवतमाळला वकिली आणि दुकानदारीत रमली होती आणि त्यांना घरात बंदूक नको होती. ही बातमी ऐकल्या दिवशी मामाजी नीट जेवले नाहीत. डुकरं हाकायला त्यांना बंदूक हवी होती हे खरं, पण ती बंदूक हवी होती हे त्याहून खरं. ती आमच्या भिंतीवर लागली असती तर त्यांना आयुष्याचं सार्थक वाटलं असतं. हे मी पाहत होते आणि मलाही ती त्यांना मिळावी असंच वाटत होतं.

सौद्यात एक अडचण निघाली. मामाजींनी निरोप धाडला की पाटलांच्या ओसरीखाली उभं राहून मी व्यवहार करणार नाही. दीक्षेनंतर त्यांनी तिकडची पायरीच सोडली होती. आता पाटील चिडणार असं सगळ्यांना वाटलं. पण एका सकाळी पाटलांची दमणी, म्हणजे त्यांची बसायची हलकी बैलगाडी, नाला ओलांडून आमच्या वस्तीत आली. पाटील स्वतः उतरले, आमच्या अंगणातल्या खाटेवर बसले आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेली बंदूक ठेवून म्हणाले, "घ्या. पाहून घ्या." त्यांनी मामाजींना 'तुम्ही' म्हटलेलं वस्तीने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अंगण माणसांनी भरून गेलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चादर सोडली आणि मीसुद्धा क्षणभर पाहतच राहिले. दोन्ही नळ्यांवर बारीक लाटालाटांची नक्षी होती, वर चापाचे दोन वाकडे घोडे, खांद्याला लावायचा अक्रोडाचा काळपट दस्ता. जुन्या काळची विलायती, काडतुसाची बंदूक. बाया एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या.

मामाजींनी ती पारखायला घेतली, आणि ती त्यांनी बैल पारखतात तशीच पारखली. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. आधी दोन पावलं मागे जाऊन ती उभी कशी दिसते ते पाहिलं. मग पाठीवरून हात फिरवावा तसा दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत हात फिरवला. उचलून वजन घेतलं. मग मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, आत डोकावले, बैलाचे दात पाहतात तसे, आणि मिटली. शेवटी पाटलांना विचारलं, "किती चालली असन?"

"चालली कोठी बाप्पा," पाटील म्हणाले. "शिकारीले म्या कधी नेलीच नाई. पोळ्याले दोन बार. बस."

मामाजींनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "वर्साले एक डाव जुंपलेला बयल हाय हा," ते म्हणाले. "याचं वय कायले मोजता?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं कुणालाही पटेल असंच होतं. माझ्या मनात मात्र तिथेच पाल चुकचुकली.

याचं कारण सांगायला हवं. माझे बाबा नागपुरात एका बंदूकवाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करायचे. आई सतत आजारी, म्हणून शाळा सुटली की मी थेट त्या खोलीत जायची. काठीला फडकं गुंडाळून नळ्या पुसणं हे माझं काम, आणि दुसऱ्या मुली भुलाबाईची गाणी शिकत होत्या त्या वयात मी घोडे, चाप आणि कमानी ओळखायला शिकले. बाबांचं सारखं एकच म्हणणं असे की बंदूक चालवल्याने खराब होत नाही, चालवून तशीच ठेवल्याने होते. काळी दारू जळली की तिची राख नळीत बसते, ती राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. पोळा येतो भर पावसाळ्यात. दोन बार काढायचे आणि ओल्या हवेत बंदूक खुंटीला लावायची, ती पुढच्या पोळ्यापर्यंत. बैल उभा राहून ताजा होतो, पण बंदूक म्हणजे बैल नव्हे. मामाजींनी ती मोडली तेव्हा जळक्या दारूचा वास माझ्यापर्यंत आला होता. पोळा होऊन इतके महिने लोटले, तरी वास.

सासऱ्यांसमोर, त्यातून परक्या माणसांत, सुनेने बोलायची रीत नव्हती. मामाजींनी दीक्षेनंतर घरात सांगून टाकलं होतं की सुनेने तोंड झाकायचं नाही, पण सवय अशी सांगून जात नाही. मी आत्याबाईंना आत बोलावलं आणि कानात सांगितलं, "मामाजींना म्हणा, नळ्या काढून आभाळाकडे धरा अन् आतून पाहा."

आत्याबाई दारात गेल्या. "अवो, सून म्हंते नळ्या काढून आभाळाकडे धरा."

"काहून?"

आत्याबाई परत आत. "काहून म्हंतेत."

"आत गंज असेल म्हणावं."

"गंज असन म्हंते."

पाटलांच्या कपाळाला आठी पडली. मामाजींना नळ्या वेगळ्या निघतात हेच ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, "अशी निरोपानिरोपी कायले? तिले बाहेर बोलाव."

पदर डोक्यावर घेऊन मी अंगणात गेले. बंदूक हातात आली आणि हात आपोआप चालू लागले. पुढचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या आणि उन्हाकडे धरल्या. चांगल्या नळीत उजेडाची गोल कडी एकामागे एक स्वच्छ दिसतात. उजव्या नळीत ती अर्ध्यापर्यंत दिसली. डावीत देवी आलेल्या माणसाच्या गालासारखे खड्डेच खड्डे. मी मामाजींच्या हातात दिल्या. त्यांनी पाहिलं, पाटलांनी पाहिलं, पण पाटलांना मोतीबिंदूतून काय दिसणार. ते म्हणाले, "डावीत कदी कदी भरलेला बार तसाच राहून जाये. एकच बार उडवला की पोळा फुटे न."

"मग तो कधी काढायचा?" मी विचारलं.

"दुसऱ्या पोळ्याले," पाटील म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

मग मी नळ्या दोरीला टांगल्या आणि आत्याबाईंकडून लाटणं घेऊन त्यांच्यावर हलकंच मारलं. नळ्यांचे जोड घट्ट असले तर घंटेसारखा लांब नाद येतो. इथे थप्प झालं आणि मागून बारीक झणझण. मी समजावून सांगणार तेवढ्यात आत्याबाईच बोलल्या. जन्मभर बाजारात माठ वाजवून घेतलेले, त्यांना कशाला समजवायचं? "चीर गेली हो इले. मडकं फुटलं हाय हे," त्या म्हणाल्या.

शेवटी मी पुढचं लाकूड न लावता नळ्या दस्त्यावर बसवल्या आणि मामाजींना म्हटलं, हलवून पाहा. त्यांनी हलवल्या. आत खुटखुट झाली. ती त्यांच्या भाषेतली गोष्ट होती. "दात हालून राह्यला," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण आत चुलीपाशीच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

पाटलांना राग आला. तो येणारच. "माया आज्यापासूनची बंदूक हाय," ते म्हणाले. "सारा मुलूख इचा आवाज ओळखते. अन् हे कालची पोरगी लाटणं मारून सांगते?"

मलाही राग आला. माझा स्वभाव मुळात गप्प बसण्याचा नाही. "आवाज बाहेर येतो, खड्डे आत आहेत," मी म्हटलं. "माझे बाबा संशयाची बंदूक झाडाला बांधतात आणि लांबून दोरीने चाप ओढतात. तुम्हाला खात्री असेल तर बांधा."

"बांधा," पाटील म्हणाले. "आत्ता बांधा."

नाल्याकाठच्या कडुलिंबाला बंदूक आवळून बांधली. पाटलांच्या गड्याने पोळ्याला भरतात तशीच दोन पितळी काडतुसं भरली, काळी दारू आणि वर चिंध्यांचा बोळा. चापाला दोरी, दोरीचं टोक नाल्याच्या दरडीमागे. सारी वस्ती तिथे आडवी झाली. पहिली दोरी ओढली. उजवी नळी गडगडली, पांढऱ्या धुराचा लोट उठला. दुसरी ओढली. डावीही तशीच गडगडली, उलट थोडी जास्तच. धूर निवळला, जाऊन पाहिलं, बंदूक जशीच्या तशी.

जे हसू झालं ते विचारू नका. "सूनबाई, मडकं वाजलं न वं," कुणीतरी म्हणालं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही माठाला चीर त्यांनी नव्हे, मीच दाखवली होती. मामाजींनी स्वतः दोर सोडले आणि बंदूक दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले. नळ्या अजून गरम होत्या. त्यांच्या डोळ्यांत तोच उजेड परत आला होता. आता सौदा झाला असंच सगळ्यांना वाटलं, आणि त्यांनी मान हलवली असती तर झालाच असता.

पण त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आता काय म्हंतं तू?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर मामाजींना हवं ते मिळालं असतं, परवाना वाचला असता, पाटलांचा मान राहिला असता आणि मी गुणाची सून ठरले असते. मला ते सगळंच हवं होतं. पण डोळ्यांपुढून ते खड्डे हलेनात. मी म्हटलं, "आज वाजली. उद्याचं मला सांगता येत नाही. माझ्या बाबांनी ही खांद्याला लावली नसती, आणि तुम्ही लावलेली मला पाहवणार नाही."

मामाजी बराच वेळ बंदुकीकडे पाहत राहिले. मग त्यांनी चादर मागितली, तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी बंदूक नीट गुंडाळली आणि पाटलांच्या हातात दिली. "सून नाई म्हंते," ते म्हणाले. "त नाई."

वाद नाही, कारण नाही. इतक्या माणसांसमोर, बंदूक दोन्ही नळ्यांनी गडगडून गेल्यावर. लग्न झाल्यापासून मी त्या घरात राहत होते, पण ते माझं घर झालं ते तेव्हा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, ते ऐकून त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं.

पाटील चहा न घेता निघाले. मामाजी शेताकडे गेले ते दिवस कलल्यावर आले. आत्याबाई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. "सोन्यासारखी बंदूक घालवली," हे वाक्य भाकरी थापताना, धुणं धुताना, शेजारणीशी बोलताना कुठेही यायचं. नवरा शनिवारी आला, सगळं ऐकून म्हणाला, "बरं केलं," आणि जेवून झोपला. त्याला बंदुकीची मुळातच भीती वाटायची.

परवाना मात्र वाचला. मी नागपूरला निरोप धाडला आणि बाबांनी एक एकनळी शोधून दिली, पावसाळ्याच्या तोंडाशी स्वतः घेऊन आले. दिसायला एखाद्या खराट्याच्या दांड्यासारखी, नक्षी नाही, काही नाही, पण नळी आतून आरशासारखी. तिचा आवाज म्हणजे फळी पडल्यासारखा, टप्प. मामाजी शेतात आभाळाकडे बार काढत आणि मग तिच्याकडे पाहत, मुलगा नापास झाल्यावर बाप पाहतो तसे. डुकरं मात्र पळत. त्यांना आवाजाची पारख नव्हती. त्या वर्षी भुईमूग घरात आला, शेंगा उकडताना आत्याबाईंच्या तोंडून 'सोन्यासारखी' हा शब्द जरा कमी ऐकू आला.

मग पोळा आला. पाटलांची बंदूक कुणी घेतली नव्हती. माझ्या लाटण्याची गोष्ट बाजारभर झाली होती, आणि हसत हसत का होईना, गिऱ्हाईक बिचकत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वस्तीत बातमी आली की तोरणाजवळच्या कडुलिंबाला बंदूक बांधून राहिले आहेत. आम्हाला खरं वाटेना. पण खरंच, पोळ्याला पाटील खुर्ची टाकून लांब बसले, झडत्या झाल्या आणि त्यांनी दोरी ओढली. बार झाला, पोळा फुटला. "डोयाले दिसत नाई म्हणून बांधली," पाटलांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं. माणसाचा मान ठेवायचा तर एवढं मानावं लागतं. मी मात्र त्या दिवशी चुलीपाशी एकटीच हसत बसले.

त्यानंतर आमच्या गावचा पोळा दर वर्षी दोरीने फुटू लागला. मामाजी तोरणाखाली जात नसत. तो देवधर्म त्यांनी सोडला होता. पण बैल त्यांचेही होते. त्या दिवशी ते बैलांना नाल्यावर धूत, शिंगं रंगवत, त्यांना ज्वारीचा खिचडा घालत आणि मग दरडीवर बसून बाराची वाट पाहत. बार झाला की म्हणत, "मायी बंदूक बोलली." हे ते कुणाला दुखवायला म्हणत नसत. पण ते म्हटलं की आत्याबाई माझ्याकडे पाहत आणि मला वाईट वाटायचं. वर्षामागून वर्ष ती बंदूक गडगडत राहिली. मला मुलगी झाली, ती धावू लागली, आणि बंदूक आपली ठणठणीत. माझ्याच मनात यायचं, बाबांचं शिकवणं इथे चुकलं असेल का? म्हाताऱ्या माणसाची हौस आपण उगीच मोडली का?

मग एका पोळ्याला मी दरडीवर मामाजींना चहा द्यायला गेले होते. पलीकडे झडत्या संपल्या, उजवी नळी गडगडली, बैल निघाल्याचा गलका झाला. त्या वर्षी जवान पोरांना जोर आला असावा, डावीची दोरीही ओढली. आवाज आला तो गडगडाटाचा नव्हता. वाळलेलं लाकूड मोडावं तसा, कोरडा आणि आखूड. मामाजींनी कप खाली ठेवला. ते उठले आणि नाला ओलांडून तोरणाकडे चालू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी घरी येऊन बसले. हळूहळू लोक आले आणि सांगू लागले. डावी नळी बाजूने फाटली होती, बार काढताना पुढच्या लाकडावर डावा हात धरतात बरोबर तिथे. लोखंडाचा एक तुकडा कडुलिंबाच्या खोडात रुतला होता, तो निघता निघेना. लागलं कुणालाच नाही, सगळे दोरीच्या टोकाला होते. बैल उधळले तेवढेच, तेही मिळाले. पाटील खुर्चीवर बसूनच होते म्हणे.

मामाजी दिवेलागणीला परतले. मी पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी पाय धुतले, अंगणात उभे राहिले आणि आपला डावा हात उलटसुलट करून पाहू लागले, जसा काही तो आजच सापडला होता. मग माझ्याजवळ आले आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड, खरखरीत हात.

आत्याबाई दारातून पाहत होत्या. "अवो, डावा हात काहून ठेवता तिच्या डोक्शावर?"

"हाच ठेवतो," मामाजी म्हणाले. "हा तिच्यापायीच राह्यला."

आत्याबाई आत गेल्या आणि पानं वाढायला घेतली, आणि त्या दिवशी माझं पान त्यांनी मामाजींच्या शेजारी मांडलं.